सूरजला मत दिलं म्हणून घरात अबोला

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की ‘बिग बॉस मराठी’चं पाचवं पर्व, सूरज चव्हाण जिंकला ते, मी एकही दिवस न चुकवता पाहिलं होतं. ते संपून बराच काळ लोटला, तरी पत्रांचा गठ्ठा आला. अर्ध्यांनी शाबासकी दिली, अर्ध्यांनी माझी अक्कल काढली. एका पाकिटातून तर दोन वेगळ्या अक्षरांतली दोन पत्रं निघाली, एक सासूचं, एक सुनेचं. सुरुवात तिथूनच करते.

सासूबाई, कराड : ताई, आमच्या सूनबाई म्हणतात, मी सूरजला मत दिलं ते दयेपोटी. बरं, दिलं! पोराला आई नाही, बाप नाही, बहिणींनी वाढवलं. आमच्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांत असे दहा सूरज बघितलेत मी. त्यांच्यातला एक वर गेला तर कुणाच्या पोटात का दुखावं? आणि अभिजीत सावंतला काय कमी होतं?

सूनबाई, त्याच घरातून : अभिजीत सत्तर दिवस नीट राहिला, नीट बोलला, टास्क खेळला. सूरज कित्येक दिवस कोपऱ्यात बसलेला. सहानुभूतीवरच बक्षीस द्यायचं होतं तर टास्क कशाला खेळवले? आई आणि मी आता या विषयावर बोलतच नाही. जेवताना टीव्हीसुद्धा लावत नाही. तुम्ही निकाल द्या.

निकाल ६ ऑक्टोबर २०२४ लाच लागला. सूत्रसंचालक रितेश देशमुखांनी हात उंचावला तो सूरज चव्हाणचा, बारामती तालुक्यातल्या मोढवे गावच्या पोराचा. १४ लाख ६० हजार रुपये आणि ट्रॉफी. अभिजीत दुसरा. मी काय वेगळा निकाल देणार?

पण सूनबाई, तुम्ही परीक्षा आणि निवडणूक यांत गल्लत करताय. टास्क म्हणजे परीक्षा. तिथं हरलात की नॉमिनेट होता, म्हणजे घराबाहेर जाण्याच्या यादीत येता. शेवटचा दिवस मात्र निवडणुकीचा. निवडणुकीत उमेदवाराचे गुण मोजत नाहीत, मतं मोजतात. आणि तुमच्या अभिजीतला महाराष्ट्राने ओळखलं तेही मतांवरच. २००५ साली तो ‘इंडियन आयडॉल’चा पहिला विजेता झाला तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या घरात असाच तमाशा झाला होता. दीर अंतिम फेरीतल्या दुसऱ्या गायकाच्या, अमित सानाच्या बाजूचे, सासूबाई अभिजीतच्या. दीर म्हणायचे, गळा कुणाचा आहे ते बघा, आडनाव बघू नका. सासूबाई शेजारच्या बंटीचा मोबाइल मागून एसएमएस करायच्या. महिनाअखेरीस बंटीच्या वडिलांनी बिल दाखवलं, तेव्हा सासऱ्यांनी निमूटपणे पैसे दिले आणि पुढे आठ दिवस सासूबाईंशी बोलले नाहीत. म्हणजे अबोल्याची परंपराही जुनी आहे.

माझं मत विचाराल तर मी अभिजीतची होते. ज्या घरात आवाज चढवल्याशिवाय दूधसुद्धा तापत नव्हतं, तिथं तो आवाज न चढवता राहिला. ही गोष्ट मला फार अवघड वाटते. पण मी फोन उचलून मत दिलं नाही आणि सासूबाईंनी दिलं. मग तक्रार करायला मला तोंड कुठे आहे?

आता सासूबाई, तुमच्याशी थोडं भांडायचंय. मत देऊन तुम्ही मोकळ्या झालात. पुढे? वाहिनीचे कार्यक्रम प्रमुख केदार शिंदे यांनी अंतिम सोहळ्यात मंचावरच सूरजला घेऊन सिनेमा जाहीर केला. ‘झापुक झुपुक’ नावाने तो २५ एप्रिल २०२५ ला आला. तिकीटबारीवर फारसा चालला नाही. मी डोंबिवलीत दुसऱ्या दिवशी दुपारचा खेळ पाहिला, सगळे मिळून अकराजण होतो, त्यातले दोघे एसीसाठी आलेले. सिनेमा कसा होता ते सोडा. मत द्यायला फोन पुरतो, तिकिटाला दीडशे-दोनशे रुपये आणि रिक्षा लागते. तुम्ही गेला होता का कराडमध्ये? सूनबाई, हा प्रश्न आज जेवताना त्यांना तुम्हीच विचारा. निदान बोलणं तरी सुरू होईल.

आणि तो कोपऱ्यात बसलेला सूरज. तो कोपरा तुम्हाला इतक्या वेळा का दिसला, ते पुढच्या उत्तरात.

इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, जळगाव : हे सगळं स्क्रिप्टेड असतं ना? होस्टेलवर पैज लागलीय. हरणाऱ्याने मजल्यावरच्या सगळ्यांना वडापाव द्यायचा.

पैज बरोबरीत सोडा, वडापाव निम्मे-निम्मे. संवाद कुणी लिहून देत नाही. दिले तर ती पोरं इतकी वाईट बोलतील की तिसऱ्या मिनिटाला तुम्ही चॅनेल बदलाल. पण गोष्ट मात्र लिहिली जाते, घडून गेल्यावर.

माझी साडेचौदा वर्षं अंधेरी-गोरेगावच्या एडिट रूममध्ये गेली. ज्या शोंवर मी होते त्यांत ‘बिग बॉस’ नव्हता, पण कारखाना तोच. चोवीस तास कॅमेरे चालू. एका खोलीत लॉगर पोरं हेडफोन लावून बसलेली, वेळ टाकून लिहीत जातात : १४.०५, स्वयंपाकघर, दोघींत चहापत्तीवरून बाचाबाची. १४.२०, अमुक झोपला. १४.४०, अजून झोपलाय. या वह्यांमधून क्रिएटिव्हची माणसं आजची गोष्ट उचलतात. चोवीस तासांतून जाहिराती वगळून पाऊण तास काढायचा. चौदा-पंधरा माणसं घरात असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटं. तुमच्या आयुष्यातला कालचा कुठलाही दिवस घ्या, त्याची तीन मिनिटं माझ्या हातात द्या. मी तुम्हाला आळशी ठरवीन, प्रेमात पडलेला ठरवीन किंवा कारस्थानी. तिन्ही वेळा चित्रण अस्सल असेल.

शिवाय बाइट असतात. पोराला एका खुर्चीत बसवायचं आणि विचारायचं, “काल तिने तुझ्याबद्दल जे म्हटलं, त्याचं तुला वाईट नाही वाटलं?” त्याला माहीतही नसतं ती काय म्हणाली. आता तो रात्रभर जागा. यात स्क्रिप्ट कुठे आहे? कुठेच नाही. पण काडी टाकलीच ना?

एक गोष्ट मी आजवर छापील कधी लिहिली नाही. २००९ च्या आसपास कॉलेजच्या पोरापोरींचा एक शो करत होतो. वाहिनीचं नाव राहू द्या. एका मुलीला घरून फोन येतो, आजी आजारी आहे, ती रडते. प्रसंग खरा, पण माझ्याकडे नुसती रडणारी मुलगी आणि मागे पंखा. वरून निरोप, “ताई, रिअॅक्शन टाका.” मी फुटेज चाळलं. यवतमाळकडचा एक मुलगा होता, त्याचा हसतानाचा एक सुंदर क्लोजअप सापडला. आदल्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं, त्यावर तो हसत होता. टी-शर्ट दोन्ही दिवशी तोच. मी तो शॉट रडण्यानंतर लावला. दोन सेकंद आणि काही फ्रेम. सीन उभा राहिला. बॉस खांद्यावर थाप मारून गेले.

शो संपल्यावर दोनेक महिन्यांनी तो मुलगा ऑफिसात पैशांच्या कामासाठी आला होता. लिफ्टपाशी भेटला. मला ओळखायचं त्याला काही कारण नव्हतं, मीच मूर्खासारखी म्हणाले, मी तुमचं एडिट केलं. तो म्हणाला, “मॅडम, मी तेव्हा हसलोच नव्हतो. मी तिला पाणी आणून दिलं होतं.” मग थोडं थांबून, “घरी आईपण बोलत नव्हती महिनाभर.” पाणी आणून दिल्याचं फुटेज माझ्याकडे होतं. त्यात त्याची पाठ दिसत होती म्हणून मी ते घेतलं नव्हतं.

म्हणून सूनबाई, कोपऱ्यात बसलेला माणूस पुन्हा पुन्हा दिसला की माझ्या मनात आधी हे येतं, हा कोपरा कुणीतरी ठेवलाय. त्या पर्वात कसं झालं ते मला ठाऊक नाही, मी तिथं नव्हते. पण एका सासूला त्यात अनाथ पोर दिसलं आणि सुनेला कामचुकार, एवढं मात्र त्या कोपऱ्याने साधलं.

जाता जाता, जळगावकर, ही विद्या आपली नाही. १९९२ साली अमेरिकेतल्या एमटीव्हीवर सात तरुण मुलामुलींना न्यूयॉर्कच्या एका घरात ठेवून ‘द रिअल वर्ल्ड’ सुरू झालं. आधी तिथे तरुणांची लिहिलेली मालिका करायचा विचार होता. लेखक-नट महाग पडत होते, म्हणून खरी पोरं आणली. बनवणाऱ्या दोघांपैकी मेरी-एलिस ब्युनिम या मुळात दैनंदिन मालिकांतल्या बाई. मालिकेचं कथानक कसं रचायचं ते त्यांना आधीच येत होतं, आता फक्त कच्चा माल बदलला. तुमच्या पैजेचं उत्तर तिथंच आहे.

निवृत्त शिक्षक, अमरावती : आर्या जाधव आमच्या गावची. तिने निक्की तांबोळीला थप्पड मारली म्हणून तिला घराबाहेर काढलं आणि जिने पहिल्या आठवड्यापासून वर्षा उसगांवकरांसारख्या ज्येष्ठ अभिनेत्रीचा अपमान केला, ती अंतिम फेरीपर्यंत. हा न्याय आहे का?

गुरुजी, त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हाच प्रश्न होता. एरवी पाण्याच्या टाकीवरून भांडणारे ‘ए’ आणि ‘बी’ विंग या एका मुद्द्यावर एक झाले होते. आर्याला तिथं झाशीची राणी केलं होतं. मी एकटीच म्हणाले की तिला काढलं ते बरोबर, तर माझ्या फोटोखाली कुणीतरी निक्कीचं नाव टाकलं.

हात उचलायचा नाही हा नियम त्या घरातल्या कुणाच्या संस्कारांसाठी नसतो. बंद घर, पोरांना झोप नाही, फोन नाही, घरचं माणूस नाही आणि बाइटच्या खुर्चीत काड्या टाकणारे आम्ही. तिथं पहिली थप्पड चालवून घेतली तर दुसऱ्या आठवड्यात कुणाचं तरी डोकं फुटेल. नियम नुसता निक्कीला वाचवायला नव्हता, पुढच्या आर्यालाही वाचवायला होता. तुम्ही शाळेत होता. वर्गात एकाने दुसऱ्याला आईवरून बोललं आणि दुसऱ्याने कंपास फेकून मारला, तर कार्यालयात आधी कुणाला नेत होता?

तुमचा राग मला कळतो मात्र. अपमानाला शिक्षा म्हणजे काय, तर शनिवार-रविवारी ‘भाऊच्या धक्क्या’वर रितेशभाऊंची बोलणी. थप्पडीला शिक्षा म्हणजे थेट घरी. शब्दांचा मार मोजायचा काटाच त्या घरात नाही. तो आपल्याही घरात नाही म्हणा. आणि अमरावतीने २०१९ मध्ये शिव ठाकरेच्या रूपाने याच शोची ट्रॉफी नेलेली आहे. तेव्हा गावाच्या इज्जतीची चिंता सोडा.

वाचक भगिनी, पुणे : मी बँकेत आहे. त्या पर्वात मी निक्कीच्या फोटोखाली रोज रात्री काहीतरी लिहायचे. शिवी नाही, पण टोचून. माझी अकरावीतली मुलगी म्हणाली, “आई, याला ट्रोलिंग म्हणतात.” मी म्हटलं, हजारो लोक लिहितात, माझ्या एका वाक्याने त्या बाईचं काय बिघडणार? खरंच काय बिघडतं?

ताई, तुम्हाला जपानमधली एक धुण्याची गोष्ट सांगते.

तिकडे ‘टेरेस हाउस’ नावाचा शो होता. तीन तरुण, तीन तरुणी एका छान घरात राहतात, कामाला जातात, परत येतात, जेवतात. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, कुणी बाहेर काढत नाही. जगभर लोक त्याला ‘सगळ्यात शांत रिअॅलिटी शो’ म्हणून बघायचे. मीही बघायचे, रात्री कपड्यांच्या घड्या घालता घालता. त्यात हाना किमुरा नावाची मुलगी आली. बावीस वर्षांची, गुलाबी केसांची, व्यावसायिक कुस्तीगीर. आईही कुस्तीगीर. एके दिवशी तिचा कुस्तीचा पोशाख वॉशिंग मशीनमध्ये राहिला. घरातल्या मुलाने न बघता आपल्या कपड्यांबरोबर तो धुतला, वाळवला आणि पोशाख आटला. ती चिडली, त्याला बोलली, त्याच्या डोक्यावरची टोपी उडवली. बस. हे झालं नाही असं एक तरी घर दाखवा. माझ्या नवऱ्याने माझी पैठणी… जाऊ दे.

तो भाग २०२० च्या मार्चअखेरीस नेटफ्लिक्सवर आला आणि मे महिन्यात टीव्हीवर. लॉकडाऊनचे दिवस, सगळे घरात, हातात फोन. तिच्यावर शब्दांचा पाऊस पडला. २३ मेला तिने जीव दिला. शो बंद झाला. पुढे प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेने म्हटलं की वाहिनीने तिची पुरेशी काळजी घेतली नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुढे आहे. लिहिणाऱ्यांपैकी दोघांना तिथल्या कायद्याने शिक्षा झाली. दंड किती? प्रत्येकी नऊ हजार येन, आपले पाच-सहा हजार रुपये. हानाची आई क्योको किमुरा त्यानंतर गप्प बसली नाही. २०२२ च्या जुलैपासून जपानमध्ये अपमानाच्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड झाला. आणि त्या दोघांनीही स्वतःशी तेच म्हटलं असणार, माझ्या एका वाक्याने काय होतंय.

निक्की तांबोळी खंबीर बाई आहे, हिंदी ‘बिग बॉस’मध्ये राहून आलेली. तुमच्या टोचण्याने तिचं काही बिघडलं नसेल. पण हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं ते माझ्यासारख्या कुणीतरी कापून दिलेल्या तीन मिनिटांपुरतं. आणि ती तीन मिनिटं कशी कापली जातात ते वर सांगितलंच आहे. मुलगी शहाणी आहे तुमची. तिला सांगा की काकूने नमस्कार सांगितलाय.

संतप्त नागरिक, नाशिक : अशा शोंवर सरकारने बंदीच का घालत नाही?

प्रयत्न झालाय. २०१० मध्ये केंद्राने हिंदी ‘बिग बॉस’ रात्री अकराच्या आत दाखवू नका म्हणून आदेश काढला, वाहिनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, स्थगिती आली. त्या आठवड्यात एरवी न बघणाऱ्यांनीही बघितला. आमच्या ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी होते.

एक वडील, सोलापूर : मुलगी एकोणीस वर्षांची आहे. नाचाचे व्हिडिओ करते, बऱ्यापैकी लोक बघतात. मुंबईला एका तरुणांच्या शोच्या ऑडिशनला जायचं म्हणते. आई नको म्हणते, मी हो म्हणतो, आजोबा कुणाशीच बोलत नाहीत. जाऊ द्यावं का?

तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं, कारण त्यात तुमच्या तिघांचं मत आहे आणि मुलीचं एवढंच की ती ‘म्हणते’. तिला काय करायचंय तिथे? नाचायचंय, की प्रसिद्ध व्हायचंय, की सोलापुरातून बाहेर पडायचंय? तिन्ही ठीक आहे. पण नाचायचं असेल तर घरात कोंडण्याच्या शोमध्ये नाच फार तर दीड मिनिट दिसेल.

जायचं ठरलं तर काही गोष्टी. ऑडिशनसाठी, पोर्टफोलिओसाठी, ‘नाव पुढे सरकवायला’ कुणी एक रुपया मागितला तर तिथूनच दादरला या आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडा. खरी निर्मिती संस्था पैसे घेत नाही. निवड झाली तर करार येईल, इंग्रजीत, जाडजूड, आणि “सर, सगळेच सही करतात, उद्या शूट आहे” असा फोन. सही उद्या होऊ द्या. ओळखीच्या वकिलाकडून तो मराठीतून समजून घ्या, मुलीसमोर. त्यात एक कलम असेल की चित्रण हवं तसं कापण्याजोडण्याचा पूर्ण हक्क निर्मात्याचा. ते निघणार नाही, निघत नसतं. पण ते वाचताना तिला माझी मिठाच्या चहाची गोष्ट सांगा. शो संपल्यावर किती महिने दुसरीकडे काम करायचं नाही, तेही बघा. यात पोरं फार अडकतात. मध्येच बाहेर पडली तर किती पैसे भरायचे तो आकडा कागदावर कुठे आहे, त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

आणि एक. आत जाताना फोन काढून घेतात. ती आत असेपर्यंत तिचं अकाउंट कोण चालवणार, खालच्या कॉमेंट कोण वाचणार, हे घरातच ठरवून ठेवा. आईकडे देऊ नका. आजोबांकडेही नको. वर्गातली एखादी जाड कातडीची मैत्रीण बघा, आणि ती बाहेर आल्यावर पहिले चार दिवस फोन त्या मैत्रिणीकडेच राहू द्या.